बर्फाचा वाफसा

पहाटे पावणेपाचला उशाजवळचा फोन थरथरला. पाचजणांच्या आमच्या ग्रुपवर एकच आकडा आला होता : १८. ना सुप्रभात, ना फुलं, ना सुविचार. पाठोपाठ ऑफिसातल्या नागपूरकर मैत्रिणीचा निरोप आला, 'जा. आज सर्व्हर मी बघते.' मी चहाचं आधण ठेवलं आणि ऑफिसला दोन शब्द कळवले, 'आज रजेवर.' कारण लिहिलं नाही. सॉल्ट लेक सिटीत त्या सकाळी कारण विचारणारं कुणी नव्हतं. विचारणारेच आपापले बूट शोधत होते.

अठरा म्हणजे अठरा इंच. शहराच्या आग्नेयेला लिटल कॉटनवूड नावाची अरुंद, खोल घळ आहे आणि तिच्या टोकाशी समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर आल्टा हे स्कीइंगचं ठिकाण. तिथल्या डोंगरावर एक आखलेली पट्टी उभी आहे. तिच्या पायाशी असलेली फळी झाडून कोरी केली, की त्यानंतर तिच्यावर किती बर्फ साठला ते कॅमेऱ्यातून सगळ्या शहराला घरबसल्या दिसतं. पावसाळ्यात आपण सकाळी पेपर उघडून कोयना किती भरली ते आधी बघतो ना, तसं इथं हिवाळ्यात ही पट्टी बघतात. आकडा एक अंकी असेल तर माणसं कूस बदलून झोपतात. दोन अंकी असेल तर कामाला दांडी पडते.

अशा दिवसाला इथं 'पावडर डे' म्हणतात. पावडर म्हणजे नुकता पडलेला, कोरडा, भुरभुरीत बर्फ, ज्यावर अजून कुणाची रेघ उमटलेली नाही. स्कीइंग एरवी यंत्रानं दाबून सपाट केलेल्या उतारावर चालतं. तिथं पायाखाली टणक जमीन असल्यासारखं वाटतं. पावडरमध्ये तळच लागत नाही. गुडघ्याएवढ्या, कधी कमरेएवढ्या बर्फात माणूस तरंगत खाली येतो आणि कानांत आवाज नसतो. तांदळाच्या पिठाच्या राशीत कोपरापर्यंत हात घातला तर जसं वाटेल, तसं सगळ्या अंगाला वाटतं. यापेक्षा बरी उपमा मला सात हिवाळ्यांत सापडलेली नाही.

बर्फात पाणी किती?

आमचं यूटा राज्य आपल्या बर्फाला जगातला सर्वश्रेष्ठ बर्फ म्हणतं. हे ब्रीद मोटारींच्या नंबरप्लेटवरही छापलं गेलं. अमेरिकेतल्या एका विख्यात सर्कशीचं ब्रीद जवळजवळ हेच होतं. 'स्नो'च्या जागी 'शो' एवढाच फरक. रिंगलिंग ब्रदर्स सर्कस कोर्टात गेली आणि १९९९ मध्ये अपील कोर्टानं यूटाच्या बाजूनं निकाल दिला. एका अक्षराची ती लढाई राज्यानं जिंकली खरी, पण बर्फ खरोखर श्रेष्ठ आहे का, हा प्रश्न हवामानशास्त्रज्ञांचा. यूटा विद्यापीठाचे जिम स्टीनबर्ग यांनी याच विषयावर २०१४ मध्ये एक पुस्तक लिहिलं.

बर्फाचा कस पाण्यावरून ठरतो. ताजा बर्फ वितळवला तर त्याच्या उंचीच्या किती टक्के पाणी मिळतं? कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात हे प्रमाण साधारण बारा टक्के असतं. तिथल्या ओल्या, जड बर्फाला स्कीवाले थट्टेनं 'सिएरा सिमेंट' म्हणतात. आल्टात ते साडेआठ टक्क्यांच्या जवळपास. कोलोरॅडोच्या आतल्या डोंगरांत त्याहूनही कमी. म्हणजे सगळ्यांत हलका बर्फ यूटाचा नव्हेच. हलकेपणाचीही एक हद्द असते : फार हलका बर्फ माणसाला पेलत नाही, स्की थेट तळाच्या खडकापर्यंत जाते.

यूटाची करामत थरांमध्ये आहे. वादळ येताना आधी नैर्ऋत्येकडून त्यातल्या त्यात उबदार हवा येते आणि जडसर बर्फ टाकते. मग थंड हवेची आघाडी सरकते, वारा वायव्येचा होतो, पारा घसरतो आणि वर हलका, आणखी हलका बर्फ पडत जातो. खाली जड, वर हलका असा हा बिछाना. वरच्या थरात स्की बुडते आणि खालचा थर तिला उचलून धरतो. हाच क्रम उलटला, हलक्यावर जड बसला, तर पाय अडकतात आणि माणूस तोंडावर आपटतो.

ढगातल्या तापमानाचंही गणित आहे. साधारण उणे १२ ते उणे १८ अंशांच्या पट्ट्यात बर्फाचे स्फटिक सहा फांद्यांच्या नक्षीदार चांदण्यांसारखे वाढतात. स्फटिकाचं रूप तापमान आणि बाष्पावर ठरतं, हे जपानच्या होक्काइडो बेटावर उकिचिरो नाकाया यांनी शोधलं. १९३६ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक घडवला. या चांदण्या एकमेकींवर पडताना फांद्या अडून मधे हवा राहते. ताज्या पावडरचा बहुतेक भाग ही हवाच असते.

आणि म्हणूनच ती टिकत नाही. पडल्या क्षणापासून फांद्या झिजतात, स्फटिक गोल होतात, थर बसतो. ऊन लागलं तर वर पापुद्रा धरतो, वारा सुटला तर बर्फ थापून पाटीसारखा घट्ट होतो. हे काहीच झालं नाही तरी माणसं आहेतच. गर्दीच्या दिवशी दुपारपर्यंत सगळा उतार नांगरल्यासारखा दिसतो.

चांदीनंतरचं सोनं

आल्टा हे मुळात चांदीच्या खाणीचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथं खाणकामगारांची झुंबड होती. खाणींना टेकू द्यायला आणि घरं बांधायला भोवतालचं जंगल तोडलं गेलं, उतार उघडे पडले आणि हिमस्खलनांनी त्या गावात वारंवार बळी घेतले. चांदीचा भाव पडला, गाव ओस पडलं. १९३० च्या दशकात नॉर्वेत जन्मलेल्या आल्फ एंगन या स्कीपटूंनी ही घळ वनखात्यासाठी पाहिली आणि स्कीइंगला योग्य ठरवली. १९३९ च्या जानेवारीत खाणीतल्या जुन्या रोपवेचं सामान वापरून उभारलेली पहिली चेअरलिफ्ट तिथं सुरू झाली. आल्टा आजही स्नोबोर्डवाल्यांना येऊ देत नाही. अमेरिकेत अशी तीनच ठिकाणं उरली आहेत. शेजारचं स्नोबर्ड १९७१ मध्ये उघडलं. त्याचे एक संस्थापक डिक बास हे टेक्सासचे तेलव्यावसायिक. सातही खंडांची सर्वोच्च शिखरं सर करणारा पहिला माणूस म्हणून १९८५ मध्ये त्यांचं नाव झालं.

तेव्हाच्या स्की लांब आणि अरुंद होत्या. त्यांवर खोल बर्फात वळणं घेणं ही मोजक्या वस्तादांची विद्या होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुंद स्की बाजारात आल्या. पुढे शेन मॅककॉन्की या खेळाडूनं अलास्कातल्या बर्फात चक्क पाण्यावरच्या स्की पायांत घालून पाहिल्या. पाण्यावरची स्की बोटीसारखी टोकांना उचललेली असते, मग बर्फावरची का नको? त्यातून निघालेल्या आकारामुळे माझ्यासारखा, पुण्यात तिशी गाठेपर्यंत बर्फ फक्त रसाच्या गुऱ्हाळात पाहिलेला माणूसही पावडरमध्ये उभा राहू शकतो.

रजेचा अर्ज कधी करायचा?

पहिल्या हिवाळ्यात मी शहाण्यासारखा दोन आठवडे आधी अर्ज करून शुक्रवारची रजा मंजूर करून घेतली. त्या शुक्रवारी लख्ख ऊन होतं आणि उतार धुतलेल्या फरशीसारखा कडक. पुढच्या मंगळवारी वीस इंच पडला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. खिडकीशी बसलेले तिघे खुर्च्यांसकट बेपत्ता होते, असं मला आठवतं. खुर्च्या बहुधा जागेवरच असतील.

अमेरिकेत खाजगी नोकरदाराला पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदा नाही. कंपनी देईल ती रजा, आणि ती बऱ्याचदा आजारपण, लग्नकार्य, सहल सगळ्यांना मिळून एकाच गाठोड्यात. त्यामुळे इथला माणूस रजेचा एकेक तास चिल्लरीसारखा मोजतो. हिवाळ्यासाठी पाच-सहा दिवस शिलकीत टाकतो. डोंगरातल्या गावांत काही मालक नोकरीवर घेतानाच ठरवून टाकतात, की अमुक इंचांवर बर्फ पडला तर सकाळ माफ. याला 'पावडर क्लॉज' म्हणतात. काही दुकानांच्या दारावर तशी पाटीच लटकते. बाकीचे लोक खोकतात. पावडरच्या सकाळी शहरात खोकल्याची साथ येते आणि दुपारी ओसरते.

रजा नसलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. पहाटे चारला डोक्यावर दिवा बांधायचा, स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची (ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही), स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, उजाडताना एकदा खाली यायचं आणि नऊला टेबलाशी हजर. अशा मंडळींचे केस ओले असतात आणि सकाळी दहालाच त्यांना जांभया येतात.

लाल साप आणि बंद दरवाजे

सहाला आम्ही चौघे घळीच्या तोंडाशी होतो. गाडी शेजारच्या निवृत्त शिक्षकांची. ते इथंच वाढलेले, सदुसष्ट वर्षांचे. मागे रात्रपाळी संपवून थेट आलेली एक नर्स आणि हवामान खराब म्हणून काम बंद असलेला एक छप्परवाला. आमच्या पुढे आणि मागे मोटारींच्या दिव्यांची रांग वळणावळणानं चढलेली. तिला इथं 'लाल साप' म्हणतात.

साप हलत नव्हता, कारण रस्ता बंद होता. जेमतेम तेरा किलोमीटरच्या या रस्त्यावर साठाहून अधिक हिमस्खलनांच्या वाटा उतरतात. वादळात वर साठलेला बर्फ मुद्दाम पाडल्याशिवाय रस्ता उघडत नाहीत. ही विद्याही इथंच वाढली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले माँटी ॲटवॉटर आल्टात वनखात्याचे हिमरक्षक झाले आणि स्फोटकं लावून हिमस्खलन आपल्या सोयीच्या वेळी पाडण्याचे प्रयोग त्यांनी केले. पुढे लष्कराच्या तोफाच आणल्या गेल्या. कित्येक दशकं या घळीत हिवाळ्याच्या पहाटे १०५ मिलिमीटरच्या तोफा धडाडत. आता त्यांची जागा डोंगरावर कायम बसवलेली, दुरून चालणारी स्फोटयंत्रं घेत आहेत.

तोवर वर असलेल्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम असतो. बाहेर पाऊल टाकणं हा गुन्हा ठरतो. याला 'इंटरलॉज' म्हणतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो दोन दिवसांहून अधिक चालला होता. पण कधीकधी हुकूम उठतो, लिफ्ट सुरू होतात आणि खालचा रस्ता मात्र बंदच राहतो. मग वर मुक्कामी असलेल्या मूठभरांना अख्खा डोंगर मोकळा. खाली साडेचारपासून तिष्ठणाऱ्यांना ही बातमी फोनवर समजते, तेव्हा गाड्यांमध्ये जे बोललं जातं ते दिवाळी अंकात छापता येत नाही.

या रांगेवर उपाय म्हणून घळीतून आठ मैलांचा रोपवे बांधायची योजना राज्यानं २०२३ मध्ये निवडली. त्यावरून शहरात दोन तट आहेत. आमच्या गाडीतही होते. शिक्षक विरोधात, छप्परवाला बाजूनं. नर्स झोपली होती.

'पावडरला मित्र नसतात'

इथं एक म्हण आहे : पावडरच्या दिवशी मित्र नसतात. जो थांबेल त्याचा उतार दुसरा खराब करेल, म्हणून कुणी कुणासाठी थांबत नाही. लिफ्टच्या रांगेत ही म्हण हसत ऐकवली जाते. मी ती पहिल्याच फेरीत खोटी ठरताना पाहिली.

रस्ता साडेनऊला उघडला, आम्ही दहाला वर होतो. पहिली आठ वळणं अशी झाली, की मी मराठीत ओरडत होतो असं नंतर कळलं. नवव्या वळणाला डावी स्की निसटली आणि मी बर्फात गडप झालो. तोंडात, नाकात, कॉलरमध्ये बर्फ. वर आलो तर स्की नाही. पावडरमध्ये सुटलेली स्की पृष्ठभागाखालून पाणसापासारखी पुढे जाते आणि पडल्या जागेपासून भलतीकडे दडते. म्हणूनच जुनी मंडळी स्कीला रंगीत लांब फीत बांधतात. मी बांधली नव्हती.

उतारावर ताज्या बर्फाची लयलूट चाललेली आणि हे तिघं माझ्यासाठी स्कीच्या टोकांनी बर्फ उकरत होते. पंचवीस मिनिटं. शिक्षकांनी उतारावर आडव्या रेषा आखून दिल्या, आम्ही शेत विंचरावं तसं विंचरलं. स्की सापडली ती नर्सला, मी शपथेवर नाही म्हणालो होतो त्या जागी.

झाडांत शिरताना जोड्या ठरल्या. देवदाराच्या जातीच्या झाडांच्या खालच्या फांद्यांआड बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो. त्यात माणूस डोक्याकडून पडला तर भुसभुशीत बर्फ भोवतीनं कोसळतो आणि एकट्याला बाहेर पडता येत नाही. अशानं गुदमरून माणसं गेली आहेत. म्हणून जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. दर काही वळणांनी शिक्षक थांबून हाळी देत, आम्ही ओ देत होतो.

कुंपणाबाहेरच्या, कुणी स्फोटकं न लावलेल्या डोंगरात तर मित्र म्हणजेच विमा. तिथं हिमस्खलन बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतं, आणि बळींच्या बाबतीत दहांतल्या नऊ वेळा ते त्या माणसामुळेच किंवा त्याच्या सोबत्यामुळे सुटलेलं असतं. खालचा दुबळा थर वरच्या नव्या बर्फाचं ओझं कसाबसा पेलत असतो. एका माणसाचं वजन पुरतं. प्रत्येकाच्या छातीशी ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारं यंत्र, पाठीवर लांब घडीची काठी आणि फावडं. पुरलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा जगतो, त्यानंतर आशा झपाट्यानं घसरते. एवढ्या वेळात बचावपथक पोचत नाही. शोधणार आणि उकरणार सोबत आलेलेच.

६ फेब्रुवारी २०२१ ला जवळच्याच मिलक्रीक घळीत दोन वेगवेगळ्या गटांतले आठजण एका हिमस्खलनात सापडले. चौघे गेले. वाचलेल्यांनी पुरलेल्यांना उकरून काढलं. यूटा अॅव्हलांच सेंटर रोज सकाळी धोक्याची पाच पायऱ्यांची श्रेणी जाहीर करतं. पावडर जेव्हा सगळ्यांत सुंदर असते, वादळ सरून आभाळ निळं होतं, तेव्हाच ती पायरी बऱ्याचदा वरची असते. त्या दिवशीही होती. आम्ही कुंपणाच्या आत राहिलो. पलीकडचा कोरा उतार लिफ्टमधून दिसत होता, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

धरणातला बर्फ

परतीच्या वाटेवर घळीच्या तोंडाशी पाटी दिसते : कुत्र्यांना मनाई. नवख्याला कळत नाही. हा बर्फ शहराचं पिण्याचं पाणी आहे. उन्हाळ्यात तो हळूहळू वितळतो आणि नळाला येतो, म्हणून पाणलोटात पाळीव कुत्रंसुद्धा चालत नाही. आल्टात सरासरी हिवाळ्यात तेरा मीटरांच्या आसपास बर्फ पडतो. ऐकायला अफाट, पण वितळवला तर साधारण मीटरभर पाणी. मुंबईच्या पावसाच्या निम्म्यानं. २०२२ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकची पातळी नोंदींतल्या नीचांकाला गेली आणि त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात आल्टानं ९०३ इंच, म्हणजे जवळजवळ तेवीस मीटर, असा विक्रम केला. हा लहरीपणा लोक आता दरवर्षी धास्तीनं बघतात. पट्टीकडे बघणारे सगळेच स्कीवाले नसतात.

आजोबांची रजा

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते, गाव सातारा जिल्ह्यात. मृगाचा पाऊस पडला की ते रजा टाकत. बिनपगारी. कधी टाकायची हे कॅलेंडर सांगत नसे, कारण पेरणी पावसावर नव्हे, वाफशावर होते. ओल्या रानात पाभर घातली तर चिखल फणाला बसतो, कोरड्यात घातली तर बी उगवत नाही. मधले दोन-तीन दिवस माती मुठीत दाबली की गोळा होतो आणि सोडला की फुटतो. तो वाफसा. गावाहून पोस्टकार्ड येईतो तो निघून जायचा, म्हणून ते मुंबईच्या आभाळाकडे बघून अंदाजानं गाडी पकडत.

पावडर मुठीत दाबली तर गोळाच होत नाही, पिठासारखी बोटांतून गळते. परीक्षा उलटी, पण घाई तीच. आजोबांची रजा पोटासाठी होती, माझी मौजेसाठी. ती बरोबरी करायचं धाडस मी करणार नाही. मात्र एक गोष्ट मला त्यांच्यामुळे समजली. गिरणीत त्यांच्या साच्यावर त्या दिवसांत एक बदली कामगार उभा राहायचा. आभाळाच्या मर्जीनं कुणी रजा घेऊ शकतो, तो त्याच्या जागी कुणीतरी उभं असतं म्हणून.

आठ दिवसांनी पहाटे पुन्हा फोन थरथरला. ग्रुपवर आकडा होता ११. मी खिडकीचा पडदा सारला. डोंगर ढगात बुडाला होता. आधण ठेवायच्या आधीच नागपूरकर मैत्रिणीला लिहिलं, 'जा. आज सर्व्हर मी बघतो.' आणि पुढच्या ओळीत, 'फीत बांध.'